सर्जाचा पाय आणि पिंजऱ्यातली दांडी : तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

पक्षी : निळा-पिवळा मकाव, म्हणजे मोठा परदेशी पोपट. वय अंदाजे सात वर्षं. पहिल्या तपासणीत वजन १,२४० ग्रॅम. नर की मादी हे कोणाला माहीत नाही. या जातीत दोघं बाहेरून सारखेच दिसतात, डीएनए चाचणी केल्याशिवाय कळत नाही. घरात त्याला सर्जा म्हणतात. हे नाव आधी गोठ्यातल्या एका खिलार बैलाचं होतं. बैल गेला आणि काही महिन्यांनी हा पक्षी घरात आला, म्हणून नाव त्याच्याकडे आलं.

तक्रार : डावा पाय टेकवत नाही.

मी निवृत्त पशुवैद्यक आहे, मिरजेत राहतो. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात गाई, म्हशी, शेळ्या यांच्यात गेली. पक्षी म्हणजे आमच्यासाठी कोंबड्या. अलीकडे मात्र आपल्याकडेही मकाव, आफ्रिकन ग्रे, काकाकुवा असे परदेशी पोपट पाळणारी घरं दिसू लागली आहेत. जवळ पक्ष्यांचा डॉक्टर नसला की लोक ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरला फोन करतात. सर्जाची माणसं तशीच माझ्याकडे आली. त्यांच्या गाई मी वीस वर्षं पाहिल्या होत्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी

पोपट एका पायावर उभा राहून विश्रांती घेतो. ते नेहमीचंच आहे, आणि तो पाय आलटूनपालटून बदलतो. सर्जा बदलत नव्हता. दिवसभर उजव्या पायावर उभा आणि डावा पाय पिसांत ओढलेला. टॉवेलमध्ये धरून तळवा पाहिला. निरोगी मकावच्या तळपायाची कातडी हाताला रव्यासारखी लागते, तिच्यावर बारीक दाणे असतात. सर्जाच्या डाव्या पायावरचे दाणे झिजून कातडी चकचकीत झाली होती. मधोमध आठ मिलिमीटरची काळी खपली, भोवती सूज, हाताला गरम. उजव्या पायाला जखम नव्हती, पण काळसर कातडीत दोन ठिकाणी गुळगुळीत गुलाबी चट्टे होते. एक पाय दुखला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. म्हणजे उजवाही त्याच वाटेवर होता.

या दुखण्याला बंबलफूट म्हणतात. कोंबड्यांच्या तळव्याला येणारी गाठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते ओळखीचं वाटेल. सुरुवात दाणे झिजण्यापासून होते. मग कातडी फुटते, जंतू आत शिरतात. वेळेवर थांबवलं नाही तर पू स्नायूबंधापर्यंत आणि हाडापर्यंत जातो. हाडात गेलं की पाय वाचवणं फार अवघड होतं, आणि पाय गेलेल्या मोठ्या पोपटाला उरलेल्या एका पायावर दीर्घकाळ तग धरणं कठीण जातं, कारण तोही पाय त्याच कारणाने बिघडू शकतो.

मी जखम साफ केली, पट्टी बांधली, वेदनाशामक आणि प्रतिजैविक दिलं. दहा दिवसांत खपली वाळली. जानेवारीच्या मध्याला पुन्हा फोन आला, तोच पाय. पुन्हा तेच उपचार केले, औषध तेवढं बदललं. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा आले तेव्हा खपली आधीपेक्षा मोठी होती. या वेळी मी त्यांना पुण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. जखमेतल्या द्रवाची तपासणी झाली, त्यात स्टॅफिलोकोकस निघाला. या आजारात बहुधा हाच जंतू सापडतो.

परत आल्यावर मालकांच्या आईने मला फोन केला. सत्तरीच्या बाई, आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होत्या. "डॉक्टर, आमची गाय लंगडली की तुम्ही खुराला हात लावायच्या आधी गोठ्यात जात होता. फरशी बघत होता. ह्याचा पिंजरा का न्हाई बघितला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिमेंटच्या ओल्या कोब्यावर रात्रंदिवस उभ्या राहणाऱ्या गाईचा खूर औषधाने बरा होत नाही, खाली रबरी मॅट घालावी लागते, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं आहे. गाय निदान बसते, आडवी होते. पोपट झोपतोसुद्धा पायांवरच. चोवीस तास त्याच्या तळव्याखाली काय आहे, हे मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. सर्जाच्या पायाचे दोन महिने त्यात गेले, आणि ती चूक माझी आहे. दुसऱ्याच दिवशी तासगावच्या गाडीत बसलो.

पिंजरा

पिंजरा चांगला मोठा होता, तीन फूट रुंद, अडीच फूट खोल, पाच फूट उंच. मालकांनी कुपवाडच्या एमआयडीसीतून स्टेनलेस स्टीलमध्ये बनवून घेतला होता, आणि हा निर्णय अगदी योग्य होता. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी चोचीने खरवडली की जस्त पोटात जातं आणि पक्ष्याला विषबाधा होते. त्या पिंजऱ्यात ती भीती नव्हती.

आत दोन दांड्या होत्या. दोन्ही स्टीलच्या पाइपच्या, पंचवीस मिलिमीटर जाडीच्या, गोल, गुळगुळीत, समोरासमोर एकाच उंचीवर. वरच्या बाजूला जनावराच्या जुन्या नायलॉनच्या दाव्याचा झोका, त्याची टोकं उसवलेली.

पाइप का, असं विचारल्यावर मालक म्हणाले, "सुरुवातीला खोऱ्याचा दांडा लावला होता साहेब. चार दिवसांत भुगा केला. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी म्हटलं, आयुष्यभर टिकेल असंच काहीतरी लावू." पाइपवरून सर्जाचा पाय सरकतोय असं दिसलं, तेव्हा एका दुकानदाराच्या सल्ल्याने त्यांनी पाइपवर खरखरीत कागदाची नळी चढवली. नखंही आपोआप घासली जातील, असं दुकानदार म्हणाला होता. ती चढवली ऑक्टोबरमध्ये. डिसेंबरमध्ये सर्जा माझ्याकडे आला.

एवढ्यात सगळा इतिहास उलगडला. सहा वर्षं एकाच जाडीच्या कडक नळीवर उभं राहिल्याने भार रोज तळव्याच्या त्याच दोन बिंदूंवर पडत गेला आणि तिथले दाणे झिजले. थंडीत पाइप गार, एप्रिलमध्ये गरम. त्या झिजलेल्या कातडीवर दोन महिने वाळूचा कागद घासला आणि कातडी फुटली. नखं मात्र त्या कागदाने फारशी घासली गेली नव्हती, कारण पायाची पकड दांडीभोवती असते आणि नखाचं टोक बहुतेक वेळा हवेतच राहतं. कागदाला लागतो तो तळवा. त्यात आहार म्हणजे वाटीभर सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे. चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कमजोर होते आणि जखम भरायला वेळ लागतो. वजन जास्त, म्हणून तळव्यावरचा भारही जास्त.

मालक वाईट नव्हते. पक्ष्याची रीतसर कागदपत्रं त्यांच्याकडे होती. हा पक्षी साइट्स या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव (संरक्षण) कायद्यात अशा परदेशी जातींसाठी नोंदणीची तरतूद आली आणि २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. यांनी ती केली होती. (अनेकजण मला आपल्या हिरव्या कंठवाल्या पोपटाबद्दल किंवा पहाडी पोपटाबद्दल विचारतात. त्यांना मी दांडीचा सल्ला देत नाही. आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यांना वन विभागाकडे सोपवणं हाच एक मार्ग आहे.) सर्जाच्या माणसांनी पैसे कुठेही वाचवले नव्हते. फक्त टिकाऊपणाचा विचार त्यांनी दांडीच्या बाजूने केला, पायाच्या बाजूने केला नाही. तोही कोणी समजावून सांगितला नव्हता म्हणून.

त्याच दुपारी खरखरीत नळ्या आणि दावं काढून टाकलं. नायलॉनचा किंवा कापसाचाही उसवलेला दोर पोपटाच्या बोटाला आवळला तर रक्तपुरवठा तुटतो, आणि धागे गिळले गेले तर अन्नपिशवीत गोळा होतो. नवीन दांड्या येईपर्यंत पाइपवर चिकट न होणारी, स्वतःलाच धरणारी मऊ पट्टी गुंडाळली, आणि एका कोपऱ्यात आडवी फळी बसवून तिच्यावर जुन्या सुती धोतराची घट्ट ताणलेली घडी बांधली. टॉवेल वापरला नाही, कारण टॉवेलच्या फासांत नखं अडकतात. सपाट जागेवर उभं राहिलं की बोटं पसरतात आणि भार सगळ्या तळव्यावर वाटला जातो. सर्जा संध्याकाळपर्यंत फळीकडे फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी सांगितलं, रात्रभर तिथंच झोपला.

द्राक्षाचं खोड

मी मालकांना म्हटलं होतं की वेडंवाकडं, कमीजास्त जाडीचं नैसर्गिक लाकूड लागेल. आठवड्याने गेलो तर ओसरीत द्राक्षाचं एक जुनं खोड धुऊन ठेवलेलं. त्या मार्चमध्ये त्यांनी वडिलांनी लावलेली अठरा वर्षांची बाग काढली होती. माल उतरला, मांडवाच्या तारा गुंडाळल्या, आणि खोडं जाळायच्या ढिगातून त्यांनी त्यातलं सगळ्यात देखणं निवडून आणलं. मनगटाएवढं, पिळदार, दोन फाटे फुटलेलं. दिसायला त्याहून चांगली दांडी मी पाहिली नव्हती. मालक म्हणाले, "परदेशात पोपटांना द्राक्षाच्याच खोडाच्या दांड्या विकतात साहेब. मी बघितलंय. आपल्याकडे तर ढीग पडलाय. आणि हे आबांच्या हातचं आहे."

त्यांचं म्हणणं खरं होतं. द्राक्षाचं लाकूड पोपटाला विषारी नाही, जगभर वापरलं जातं, आणि त्याचा पीळ पायाला उत्तम. तरी मी नको म्हटलं. तासगावच्या बागायतदाराला यामागचं कारण माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, फक्त ते या प्रसंगाला जोडून पाहिलेलं नसतं.

मी त्यांना एकच विचारलं : या खोडावर अठरा वर्षांत काय काय गेलं? ते स्वतःच सांगत गेले. केवडा या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना. भुरी या दुसऱ्या बुरशीसाठी गंधक. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. मिलीबग ही कीड सालीखाली लपते, म्हणून साल काढून खोड कीटकनाशकाने धुतलेलं, तेही वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा. खोडकिडीची भोकं दिसली की त्यांत औषध सोडून ती बुजवलेली. इथवर आल्यावर ते थांबले. खोडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

फळावरच्या औषधाचा हिशेब बागायतदार दिवसांत ठेवतो, कारण माल तपासला जातो. खोडाचा हिशेब कोणी ठेवत नाही, ते कोणी खात नाही म्हणून. मकाव खातो. निदान फोडतो, चघळतो, भोकात चोच घालून पोखरतो. बागेत औषध जिथे सर्वात जास्त मुरतं, नेमका तोच भाग आपण त्याच्या चोचीखाली देणार होतो. वरून धुऊन हे निघालं असतं का, याची खात्री मला देता आली नसती, आणि खात्री नसलेलं लाकूड पिंजऱ्यात जात नाही. खोड आता त्यांच्या देवघराच्या बाहेर आहे, त्यावर दिवा ठेवतात.

हाच प्रश्न प्रत्येक झाडाला विचारायचा असतो. झाडाची जात कोणती, हा अर्धा प्रश्न झाला. ते झाड कुठे वाढलं आणि त्यावर काय फवारलं, हा उरलेला अर्धा. हायवेच्या कडेचं चांगल्या जातीचं झाडही नको. त्यावर वर्षानुवर्षं धूर बसलेला असतो, कधी खोडाला रंग लावलेला असतो.

मापं आणि लाकडं

दांडीची जाडी डोळ्याने ठरवू नये. आम्ही सर्जाला कागदावर उभं केलं आणि पुढच्या लांब बोटाच्या टोकापासून मागच्या लांब बोटाच्या टोकापर्यंत नखं सोडून माप घेतलं. पोपटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे हे माप घेणं सोपं जातं. भरलं साडेअकरा सेंटिमीटर. मग मालकांच्या नववीतल्या मुलीने शिलाई मशीनची टेप पाइपभोवती गुंडाळली : परीघ साडेसात ते आठ सेंटिमीटरच्या दरम्यान. "म्हणजे ह्याची बोटं पाइपला वेढा घालून परत एकमेकांवर चढतायत," ती म्हणाली. बरोबर तेच होत होतं. पुढची नखं मागच्या बोटांत रुतत होती आणि पाय कायम मुठीसारखा आवळलेला राहत होता.

बोटांनी दांडीचा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश घेर धरावा, नखं एकमेकांना लागू नयेत. या हिशेबाने सर्जासाठी परीघ पंधरा ते सतरा सेंटिमीटर, म्हणजे जाडी अंदाजे ४८ ते ५५ मिलिमीटर. मुख्य दांडी या मापाची, आणि बाकीच्या थोड्या कमीजास्त, म्हणजे पाय दिवसभरात वेगवेगळ्या तऱ्हेने उघडेल. मोठ्या मकावला सर्वसाधारणपणे चार ते सहा सेंटिमीटरच्या दांड्या लागतात. आफ्रिकन ग्रे असेल तर अडीच ते चार पुरतात. पण प्रत्येक पक्ष्याचा पाय मोजलेला बरा, टेप घरात असतेच.

मुख्य दांडीसाठी पेरू निवडला. परसातलं झाड, औषध कधीच न मारलेलं. पेरूचं लाकूड घट्ट असतं, साल पातळ, पापुद्र्याने निघणारी, आणि फांदी कधीच सरळ वाढत नाही. जी फांदी सुताराला नको असते तीच आपल्याला हवी असते. कापलेल्या फांदीची एका टोकाला जाडी ६२ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ४७, मध्ये दोन बाक. म्हणजे सर्जा जिथे सरकून बसेल तिथे त्याचा पाय वेगळ्या कोनात उघडतो.

दुसरी दांडी चिंचेची, थोडी बारीक, किंचित तिरकी बसवलेली. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो, यावरून तिचा कणखरपणा कळावा. खडबडीत साल मात्र सोलून काढली. आंबा मी टाळतो, त्याचा चीक कातडी भाजतो. सुबाभूळ मळ्यात बांधावर होतीच, पण तिच्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी घटकाने जनावरांचे केस गळताना मी पाहिले आहेत, म्हणून नको. कण्हेर तर अंगणात असली तरी पिंजऱ्यापासून दूर ठेवा, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. बांबू लोक आवर्जून लावतात कारण तो स्वस्त आणि टणक. पण तो एकसारखा गोल आणि गुळगुळीत, म्हणजे पाइपचाच भाऊ, आणि चिरला की धारदार कड बाहेर येते.

आता टिकाऊपणाचं. मालकांचा खरा प्रश्न तोच होता आणि तो रास्त होता. दर आठवड्याला दांडी कोण बदलणार? निळा-पिवळा मकाव पनामापासून ब्राझील, पॅराग्वेपर्यंतच्या जंगलात राहतो, ताडाची कडक फळं फोडतो, मेलेल्या ताडाच्या ढोलीत घर करतो. लाकूड फोडणं त्याच्या चोचीचं रोजचं काम आहे. खोऱ्याचा दांडा त्याने वाईटपणाने फोडला नव्हता, पिंजऱ्यात फोडण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं म्हणून फोडला. पाइप लावला तेव्हा ते कामही बंद पडलं.

म्हणून आम्ही काम वाटून दिलं. उभं राहायचं लाकूड कठीण, आणि कुरतडायचं लाकूड मुद्दाम मऊ. रोज सकाळी शेवग्याची एक फांदी पाल्यासकट टांगायची. शेवगा इतका मऊ की सर्जा तासाभरात तिचा भुसा करतो, पाला खातो, आणि त्या पाल्यातून अ जीवनसत्त्वही मिळतं. शिवाय घरच्या मक्याची बुरकुंडं आणि पेरूच्या बारीक डहाळ्या. पहिला आठवडा त्याने मुख्य दांडीवरही चोच चालवली. नंतर शेवग्याची वाट पाहू लागला. मोठ्या पोपटाच्या दांडीचा टिकाऊपणा तिच्या कठीणपणावर थोडा आणि शेजारी काय टांगलंय यावर बराच अवलंबून असतो, असं मला या प्रकरणानंतर वाटतं.

फांद्या कापून आधी ब्रशने घासल्या, साबण न वापरता पाण्याने धुतल्या, मग पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसून पुन्हा धुतल्या आणि पत्र्यावर दोन आठवडे उन्हात वाळवल्या. मार्चचं ऊन होतं. वॉर्निश, रंग, तेल काहीही लावलं नाही. वाळताना टोकांना चिरा पडतात, म्हणून लांबी हवी त्यापेक्षा जास्त ठेवली आणि चिरलेली टोकं नंतर कापली.

जोडणी एमआयडीसीतल्या त्याच कारागिराने केली. टोकात आधी बारीक भोक पाडून मग दहा मिलिमीटरचा ३०४ ग्रेड स्टीलचा आटेदार रॉड बसवला. भोक न पाडता रॉड ठोकला असता तर लाकूड उभं फाटलं असतं. दोन्ही बाजूंना रुंद वॉशर, आणि नट जाळीच्या बाहेर. पहिल्यांदा त्याने पंखाचे नट लावले होते, हाताने काढता येतात म्हणून. सर्जाने दुसऱ्या दिवशी जाळीतून चोच बाहेर काढून एक नट फिरवून सोडवला. मग पान्याने आवळायचे षटकोनी लॉक नट आले.

जागा ठरवताना आजींचा सल्ला सर्वात उपयोगी पडला, कारण दिवसभर त्याच्यासमोर त्या बसलेल्या असतात. पोपट झोपायला सर्वात उंच जागा निवडतो, म्हणून पेरूची दांडी सर्वात वर, पण डोकं छताला लागणार नाही अशी, आणि मागच्या जाळीपासून इतकी पुढे की शेपटी घासणार नाही. मकावची शेपटी जवळजवळ शरीराएवढी लांब असते. चिंचेची दांडी खाली, वाटीच्या वर नाही, नाहीतर विष्ठा पाण्यात पडते. सिमेंटची एक जाड खडबडीत दांडी आम्ही ठेवली, नखांसाठी, पण फक्त खाण्याच्या वाटीजवळ, जिथे तो पाच-दहा मिनिटं थांबतो. झोपण्याच्या जागी तीच दांडी लावली असती तर वाळूच्या कागदाचीच गोष्ट परत झाली असती. फळी कायम ठेवली.

पावसाळा

जुलैमध्ये एक अडचण आली. सलग पाऊस, ओसरीत ओल, आणि चिंचेच्या दांडीच्या खालच्या अंगाला पांढुरकी बुरशी दिसली. बुरशीचे कण श्वासात गेले तर पोपटाला फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. दांडी लगेच काढली. तेव्हापासून त्यांच्याकडे दोन संच आहेत. एक आत, एक घासून चुलीजवळ वाळत. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. विष्ठा रोज ओल्या फडक्याने पुसणं हे काम मुलीकडे आहे आणि ती ते चुकवत नाही.

ऑक्टोबर

पट्टी शेवटची मेच्या पहिल्या आठवड्यात काढली. सूर्यफूल आता आठवड्यातून दोनदा, बक्षीस म्हणून. रोजच्या वाटीत लाल भोपळा, गाजर, उकडलेली कडधान्यं, शेवग्याचा पाला आणि तयार गोळ्यांचं खाद्य. वजन १,१२० ग्रॅमवर स्थिर आहे. मुलगी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करते आणि वहीत लिहिते.

उजव्या पायावरचे गुलाबी चट्टे गेले, तिथे रव्यासारखे दाणे परत आले आहेत. डाव्या पायाला मधोमध शेंगदाण्याएवढा व्रण राहिला. तिथली कातडी सपाट आहे आणि तशीच राहील. त्या जागी पुन्हा फुटण्याचा धोका दुसऱ्या पायापेक्षा जास्त, म्हणून दर महिन्याला तळव्याचा फोटो काढून मला पाठवतात. सर्जा दोन्ही पायांवर उभा राहतो. झोपताना कधी डावा उचलतो, कधी उजवा.

पेरूच्या दांडीला सहा-सात महिन्यांत दोन खाचा पडल्या आहेत, एक बोटभर खोल. अजून चालेल. पण खाच जिथे आहे तिथे जाडी ४१ मिलिमीटरवर आली आहे, आणि सर्जाला नेमकं तिथंच बसायला आवडतं. मुलीने परसातल्या पेरूची पुढची फांदी टेप लावून ठरवली आहे, तिला लाल दोरा बांधला आहे. संक्रांतीनंतर कापणार आहेत.